कंबरेचा एमआरआय आणि रिपोर्टमधले घाबरवणारे शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रेडिओलॉजिस्ट आहे. पुण्यात रोज कंबरेचे एमआरआय बघते आणि त्यांचे रिपोर्ट लिहिते. रिपोर्ट हा खरं तर एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला मजकूर. पण हल्ली तो आधी पेशंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचतो आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट दोन दिवसांनी असते. त्या दोन दिवसांत घरात काय होतं, हे मला काउंटरवर आणि फोनवर ऐकू येतं. खालचे प्रश्न तिथूनच जमा झालेत. यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

रिपोर्टमध्ये पाऊण पान दोषच लिहिलेत. माझा मणका इतका खराब झालाय का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे जवळचं वाचायच्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात. चाळिशी लागली म्हणून डोळे गेले असं कुणी म्हणत नाही. रिपोर्टमध्ये लिहिलेलं ‘डीजनरेशन’, म्हणजे झीज, ही मणक्याची चाळिशी समजा. फरक एवढाच, की ती बऱ्याच जणांना विशीतच लागते.

हे नुसतं धीर देण्यासाठी म्हणत नाही. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या ३३ अभ्यासांतून एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या डिस्कमध्ये, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीत, झीज दिसली आणि ३० टक्क्यांमध्ये डिस्क फुगलेली, म्हणजे ‘बल्ज’, दिसली. पन्नाशीत हेच आकडे ८० आणि ६० टक्के. ऐंशीच्या घरात ९६ आणि ८४. पुन्हा सांगते, यातल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती. म्हणजे तुम्ही साठीचे असाल आणि रिपोर्टमध्ये बल्ज नसेल, तर वेगळे तुम्हीच.

पण म्हणून हे बदल अगदीच निरर्थक, असंही नाही. पन्नाशीच्या आतल्या लोकांची तुलना केली तर दुखणाऱ्यांमध्ये ते न दुखणाऱ्यांपेक्षा जास्त आढळतात. मात्र समोरच्या एका माणसाचं दुखणं त्याच बल्जमुळे आहे का, हे नुसत्या चित्रावरून मला सांगता येत नाही. त्यासाठी त्याला हात लावून, चालायला लावून, वाकायला लावून तपासावं लागतं.

डॉक्टर म्हणाले ‘मणक्यात गॅप आलीय’. ती गॅप भरून कशी काढायची?

या एका शब्दाने जेवढा घोळ घातलाय तेवढा दुसऱ्या कुठल्याच शब्दाने घातला नसेल. ‘गॅप आली’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे दोन मणक्यांच्या मध्ये पडलेली फट येते, भिंतीला तडा जावा तशी. प्रत्यक्षात उलट असतं. दोन मणक्यांच्या मध्ये मुळात जागा असते आणि तिथे डिस्क, म्हणजे आपण जिला गादी म्हणतो ती, बसलेली असते. वयाबरोबर गादीतलं पाणी कमी होतं, ती बसते आणि मणके जवळ येतात. डॉक्टर म्हणतात ‘गॅप कमी झालीय’. घरी पोचेपर्यंत त्यातलं ‘कमी’ गळून पडतं.

तेव्हा भरून काढण्यासारखं तिथे काही नसतं. गादी पुन्हा जाड करणारं तेल, गोळी किंवा पट्टा नाही. आणि बसलेल्या गादीसकट माणसं पर्वती चढतात, सिंहगड करतात, आळंदीहून पंढरपूरला चालत जातात.

बल्ज, प्रोट्रूजन, एक्स्ट्रूजन… यातलं कुठलं गंभीर?

चित्र कसं दिसतं ते आधी सांगते. बाजूने घेतलेल्या चित्रात कमरेचे पाच मणके एकाखाली एक रचलेले दिसतात, एल१ ते एल५, आणि त्याखाली माकडहाडाकडे जाणारं हाड, एस१. ज्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, त्यात निरोगी डिस्कचा मधला भाग शहाळ्यातल्या मलईसारखा उजळ असतो आणि भोवती काळी कड. पाणी कमी झालेली डिस्क करडी, मग काळी दिसते. यालाच पेशंट ‘काळी गादी’ म्हणतात. ती कुजलेली नसते, फक्त तिच्यातलं पाणी कमी झालेलं असतं.

डिस्कची कड सगळीकडून थोडी बाहेर आली तर बल्ज. एका जागी उंचवटा आला तर प्रोट्रूजन. कड फाटून आतला मऊ भाग बाहेर आला तर एक्स्ट्रूजन. आणि तो तुकडा सुटून वेगळा पडला तर सिक्वेस्ट्रेशन. ऐकताना एकाहून एक भयंकर वाटतात. पण जितका तुकडा मोठा आणि सुटा, तितकी तो आपोआप विरघळण्याची शक्यता जास्त. ऑपरेशन न केलेल्या पेशंटचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा सुटे तुकडे ९६ टक्के लोकांमध्ये, एक्स्ट्रूजन ७० टक्क्यांमध्ये आणि प्रोट्रूजन ४१ टक्क्यांमध्ये लहान झालेले किंवा नाहीसे झालेले आढळले. साधा बल्ज मात्र फक्त १३ टक्क्यांमध्ये. बाहेर पडलेला भाग शरीराला परका वाटतो, रक्तातल्या पेशी तिथे जातात आणि तो खाऊन टाकतात. बल्ज कडेच्या आतच असल्यामुळे त्याच्या वाटेला कुणी जात नाही.

सहा महिन्यांनी परत आलेल्या पेशंटच्या चित्रात आधीचा मोठा तुकडा जागेवर नसतो, तेव्हा मी दोन्ही चित्रं शेजारी लावून त्यांना मुद्दाम दाखवते. एवढ्या वर्षांनंतरही ते बघताना मला आनंद होतो.

‘थीकल सॅकवर दाब’ लिहिलंय. म्हणजे नस दबली ना?

तसंच नाही. थीकल सॅक ही पाण्याची पिशवी असते आणि कमरेत नसा तिच्यात मोकळ्या तरंगत असतात. पिशवीला बाहेरून जरासा खळगा पडला म्हणजे आतली नस चिरडली असं होत नाही. हे वाक्य आपल्याकडच्या इतक्या रिपोर्टमध्ये असतं, की ते बिनमहत्त्वाचंच बहुतेक वेळा असतं.

नस खरोखर त्रासात आहे का, ते पायाला विचारायचं. एल४-एल५ची डिस्क साधारणपणे एल५ची नस पकडते. मग कळ कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पायाच्या वरच्या भागात आणि अंगठ्यात जाते, टाचांवर चालताना पंजा उचलायला जड जातो. एल५-एस१ची डिस्क एस१ची नस पकडते. कळ मांडीच्या मागून करंगळीकडे जाते आणि चवड्यावर उभं राहणं अवघड होतं. चित्रातली बाजू आणि पायातली बाजू जुळली तर त्या चित्राला अर्थ आहे. रिपोर्टमध्ये डावीकडे आणि कळ उजव्या पायात, असं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

‘लॉर्डोसिस सरळ झालाय, स्नायूंचा स्पॅझम’ म्हणजे?

कमरेचा नैसर्गिक बाक चित्रात कमी दिसला. तुम्ही टेबलावर उताणे, गुडघ्याखाली उशी घेऊन झोपला होतात. त्यानेही बाक कमी होतो. हे वाक्य सोडून द्या.

हिमँजिओमा, श्मॉर्ल्स नोड, टार्लोव्ह सिस्ट, सॅक्रलायझेशन…

हे सगळं चित्र काढलं म्हणून सापडलेलं असतं. हिमँजिओमा ही मणक्यातली रक्तवाहिन्यांची साधी गाठ. ‘ओमा’ ऐकून कॅन्सर समजू नका. श्मॉर्ल्स नोड म्हणजे डिस्कने मणक्याच्या पृष्ठभागावर पाडलेला छोटा खड्डा. टार्लोव्ह सिस्ट म्हणजे नसेच्या मुळाशी असलेली पाण्याची छोटी पिशवी. सॅक्रलायझेशन म्हणजे शेवटचा मणका जन्मापासूनच खालच्या हाडाला जोडलेला असणं. यांच्यापायी सहसा काही करावं लागत नाही.

कंबर धरलीय. उद्याच एमआरआय काढून टाकू का?

उसण भरली, पाय ठीक आहेत, लघवी-संडास ठीक आहे, ताप नाही, पडला-बिडला नाहीत, तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयची गरज नसते. बहुतेक उसणी त्याच्या आतच उतरतात. लवकर चित्र काढलं म्हणून लवकर बरं वाटतं, असं दिसलेलं नाही. मोठ्या वयाच्या पेशंटमध्येही लवकर तपासणी केलेल्या आणि न केलेल्या लोकांची स्थिती वर्षाने सारखीच निघाली. लवकर चित्र काढल्याने होतं एवढंच, की रिपोर्टमधले शब्द दुखण्याच्या आधी डोक्यात जाऊन बसतात.

‘निदान एक्स-रे तरी’ असाही आग्रह असतो. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात. गादी आणि नसा दिसत नाहीत. पडल्यानंतर, हाडं ठिसूळ असण्याची शंका असेल तर, किंवा मणका पुढे सरकलाय का ते उभं राहून बघायचं असेल तर तो उपयोगी. एरवी किरणं विनाकारण घ्यायची.

मग एमआरआय कधी लांबवू नये?

इथे मी सगळ्यात गंभीरपणे लिहितेय.

लघवी तुंबली, किंवा कधी झाली ते कळेना, बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद कमी व्हायला लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. सकाळची वाट बघू नका. खालच्या नसांचा सगळा झुपका दाबला गेलेला असू शकतो आणि तिथे तास मोजावे लागतात. पंजा अचानक लुळा पडला, चप्पल पायातून निसटायला लागली, तरीही दोन-चार दिवस घरात काढू नका.

पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, वजन कारण नसताना उतरतंय, झोपल्यावरही कळ थांबत नाही, बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, पडल्यानंतर म्हाताऱ्या माणसाची पाठ एकदम दुखायला लागली, अशा वेळीही सहा आठवड्यांचा नियम लागू नाही.

आणि आपल्या देशात टीबी. मणक्याचा टीबी ही पुस्तकातली गोष्ट नाही, आमच्याकडे नियमित येते. काही वर्षांपूर्वी हॉस्टेलवर राहून शिकणारा एक मुलगा आला. तीन महिने ‘गॅप आहे’ म्हणून पट्टा आणि गोळ्या चालू होत्या. टेबलावर झोपताना त्याने शर्ट काढला तेव्हा बरगड्या दिसत होत्या. टेक्निशियनने सहज विचारलं, “मेसचं जेवण आवडत नाही का रे?” तो म्हणाला, “भूकच लागत नाही. संध्याकाळी अंग कोमट होतं.” चित्रात दोन मणक्यांच्या समोरासमोरच्या कडा खाल्लेल्या, मधली डिस्क सुजलेली आणि शेजारच्या स्नायूत पू. झीज अशी दिसत नाही. पुढे सुईने नमुना घेऊन निदान पक्कं झालं. पाठीच्या टीबीला औषधं बहुधा वर्षभर किंवा जास्त घ्यावी लागतात, सरकारी कार्यक्रमात ती मोफत मिळतात आणि वेळेत सुरू झाली तर माणूस बरा होतो. तो बरा झाला. पण त्या मुलाच्या संध्याकाळच्या तापाबद्दल तीन महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. तुम्ही न विचारता सांगा.

अजून एक, तरुणांसाठी. पंचविशीत कंबर सकाळी अर्धा तासापेक्षा जास्त आखडते, हालचालीने मोकळी होते आणि बसून राहिलं की पुन्हा दुखते, असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर तो संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. त्यात नेहमीचा कमरेचा एमआरआय पुरत नाही. माकडहाडाच्या दोन्ही बाजूंचे सांधे बघावे लागतात. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना दाखवा.

मुलगा ढोल वाजवतो. रिपोर्टमध्ये बल्ज आणि ‘अ‍ॅन्युलर टेअर’ आलंय. ढोल बंद?

जुलै-ऑगस्टमध्ये नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला की हा प्रश्न दरवर्षी येतो. एक आई मला आठवतात. वीस वर्षांच्या मुलाला सरावात चमक भरली आणि त्यांनी तिसऱ्याच दिवशी एमआरआय काढून घेतला. ‘टेअर’ शब्दावर पेनाने दोनदा गोल केला होता. “मॅडम, फाटलंय म्हणजे आता शिवावं लागेल का?”

नाही. डिस्कच्या कडेतली ही बारीक भेग वर सांगितलेल्या आढाव्यात न दुखणाऱ्या विशीतल्या १९ टक्के लोकांमध्येही होती. त्या मुलाची मी चित्रं पाहिली होती, नस मोकळी होती. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तपासून पाय ठीक असल्याची खात्री केली, फिजिओथेरपिस्टने आधी चालणं, मग पोट-पाठ-कुल्ल्याचे व्यायाम दिले आणि ढोल आधी दहा मिनिटं, मग वीस असा वाढवत नेला. विसर्जनाला तो अलका चौकात वाजवत होता. आईंनी फोटो पाठवला. मला वाटतं, त्या मुलाला पट्टा बांधून घरी बसवलं असतं तर कंबर जास्त दिवस दुखली असती.

एक अपवाद. शाळा-कॉलेजातली मुलं, विशेषतः वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्ट, मागे वाकताना दुखतं म्हणत असतील आणि काही आठवडे ते थांबत नसेल, तर मणक्याच्या मागच्या कमानीला ताणाने चीर गेलेली असू शकते. ते बघायलाच हवं.

आजी दोनशे पावलं चालल्या की दुकानाच्या पायरीवर बसतात. हे वय म्हणायचं का?

चालल्यावर दोन्ही पाय भरून येतात, जड होतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की दोन मिनिटांत मोकळे होतात, तर कमरेतली नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. याला कॅनाल स्टेनोसिस म्हणतात. अशा आजी भाजीच्या हातगाडीला टेकून वाकल्या की पुढची गल्ली पार करतात, आणि अशाच दुखण्याचे आजोबा सायकल मात्र तासभर चालवतात. इथे एमआरआय खरंच कामाचा आहे, कारण व्यायाम, इंजेक्शन किंवा ऑपरेशन यांतलं काय करायचं ते ठरवायला मदत होते. पण नुसतं उभं राहिल्यावरच, न वाकता, पोटऱ्या मोकळ्या होत असतील तर पायाच्या रक्तवाहिन्याही तपासून घ्या.

दुसऱ्या सेंटरमध्ये काढला तर रिपोर्ट वेगळा आला. खोटं कोण?

कुणीच नाही, पण प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत ६३ वर्षांच्या एका बाईंनी तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांवर कमरेचा एमआरआय काढला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या होत्या आणि त्यातली एकही दहाच्या दहा रिपोर्टांत नव्हती. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा आमच्या क्षेत्रात बऱ्याच जणांना तो झोंबला. मलाही झोंबला. ‘माइल्ड’ आणि ‘मॉडरेट’च्या मधली रेघ माझ्या डोळ्यांत आहे, तुमच्या पाठीत नाही. मी तेव्हापासून ‘वयानुसार’ हा शब्द जिथे खरा आहे तिथे लिहायला सुरुवात केली. म्हणून चित्र घेऊन ज्यांनी तुम्हाला तपासलंय त्यांच्याकडेच जा. नुसत्या रिपोर्टवरून कुणी फोनवर सल्ला दिला तर तो घेऊ नका.

रिपोर्ट वाचल्यापासून दुखणं वाढलंय. हा मनाचा खेळ का?

दुखणं खरं आहे आणि शब्दांचा परिणामही खरा आहे. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी हे तपासून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. जुन्या कंबरदुखीच्या काही पेशंटना एमआरआयमधला एकेक बदल समजावून सांगितला, बाकीच्यांना सांगितलं की चित्र ठीक आहे, वयाचे बदल आहेत. उपचार चालू होतेच. सहा आठवड्यांनी ज्यांना सगळं तपशिलात सांगितलं होतं त्यांना पाठीची भीती जास्त होती, आराम कमी होता आणि कामंही कमी होत होती. पाठीला जपायचं म्हणून माणूस वाकणं सोडतो, चालणं सोडतो, स्नायू आखडतात आणि दुखणं वाढतं. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर ते डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका.

एमआरआय नॉर्मल आलाय, पण मला बसवत नाही. कुणी विश्वास ठेवत नाही.

मी ठेवते. स्नायू, अस्थिबंध, छोटे सांधे यांचं दुखणं चित्रात दिसेलच असं नाही. कंबरदुखीत बहुसंख्य लोकांमध्ये बोट ठेवता येईल असं एक कारण सापडत नाही. नॉर्मल चित्राचा अर्थ एवढाच, की ज्या गोष्टींची काळजी वाटत होती त्या नाहीत आणि व्यायाम निर्धास्त सुरू करता येईल.

‘ऑपरेशन करा नाहीतर पाय जाईल’ असं सांगितलंय.

ताकद कमी होत असेल किंवा लघवीचा त्रास असेल तर थांबू नका. फक्त कळ असेल तर विचार करायला वेळ असतो. दीड ते तीन महिने सायटिकाने, म्हणजे कमरेतून पायात जाणाऱ्या कळेने, हैराण असलेल्या २८३ पेशंटवर नेदरलँड्समध्ये झालेला अभ्यास २००७ मध्ये आला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच बरे होते. म्हणजे प्रश्न पाय वाचवायचा नसून कळ किती दिवस सोसवते, सुट्टी किती आहे, घरचं कोण बघतं, असा असतो. तो तुम्ही ठरवायचा. दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं म्हणून कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही.

मशीनमध्ये जायची भीती वाटते. आणि मंगळसूत्र काढावंच लागतं का?

हो. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसातल्या पिना, जरीचे कपडे, सगळं बाहेर. तीस वर्षं न निघालेली जोडवी असतील तर आधी सांगा, साबणाने किंवा दोऱ्याने काढायला वेळ लागतो. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, गरोदरपण हे फॉर्म भरतानाच सांगा. हृदयातला स्टेंट आणि बदललेला गुडघा बहुतेक वेळा चालतो, कार्ड मात्र आणा. वीसेक मिनिटं लागतात, हातोडे मारल्यासारखा आवाज येतो, हातात घंटी असते. डोळ्यांवर रुमाल ठेवून आत गेलात तर बोगदा दिसत नाही. एमआरआयमध्ये एक्स-रेची किरणं नसतात. आणि कमरेच्या साध्या तपासणीला १.५ टेस्लाचं मशीन पुरतं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप). तीन टेस्लासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

जुन्या फिल्म ठेवायच्या का?

नक्की ठेवा, आणि पुढच्या वेळी घेऊन या. पाच वर्षांपूर्वी हाच बल्ज असाच होता हे दिसलं, की माझा अर्धा रिपोर्ट तिथेच बदलतो. फिल्म गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, उष्णतेने काळ्या पडतात. लिंक आली असेल तर चित्रं उतरवून ठेवा, काही महिन्यांनी ती बंद होऊ शकते. आणि पाकिटावर तारीख आणि तेव्हा नेमकं कुठे दुखत होतं, कुठल्या पायात, एवढं पेनाने लिहून ठेवा.